न आलेल्या खेळाची वाट

व्हिडिओ गेमचा छंद असलेल्या माणसाचा सगळा वेळ खेळण्यात जातो अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी वीस-पंचवीस वर्षे हा छंद जोपासलेल्या खेळाडूचा बराचसा काळ अजून बाजारातच न आलेल्या गेमबद्दल वाचण्यात, त्याच्या दीड-दोन मिनिटांच्या जाहिरातपटाची, म्हणजे ट्रेलरची, चिरफाड करण्यात, प्रकाशनाची तारीख पुढे ढकलली गेली की हळहळण्यात आणि ती पक्की झाली की कचेरीत रजेचा अर्ज टाकण्यात जातो. वाट सिनेमाचीही पाहिली जाते आणि पुस्तकाचीही. पण सिनेमाचा ट्रेलर येतो तेव्हा चित्रीकरण बहुधा संपलेले असते, तर गेमची घोषणा पुष्कळदा असा काही गेम होऊ शकेल की नाही हे करणाऱ्यालाच ठाऊक नसताना केलेली असते, आणि घोषणा व प्रकाशन यांच्यात पाच-सात वर्षे सहज लोटतात. एवढ्या काळात जे वाद रंगतात, जी भाकिते केली जातात, ती पाहून कोणाही तिऱ्हाइताला 'बाजारात तुरी' ही म्हण आठवावी. मात्र या उत्साहाला भाबडेपणा म्हणून निकालात काढणे योग्य नाही, कारण नवख्याचा उत्साह आणि मुरलेल्या खेळाडूचा उत्साह यांत फरक आहे: दुसऱ्याने अनेकदा हात पोळून घेतलेले असतात, गेम कसा बनतो हे त्याला बऱ्यापैकी कळलेले असते, आणि तरीही तो वाट पाहतो. गेम करणारे फार बोलले काय किंवा मुळीच बोलले नाहीत काय, मधली रिकामी जागा तोच आपल्या कल्पनेने भरत असतो, आणि हे भरणे हा त्याच्या छंदाचाच एक भाग असतो.

प्रकाशनाची ठरलेली तारीख ही कल्पना या व्यवसायात तशी उशिरा रुजली. १९८० च्या दशकात अमेरिकेत गेमचे खोके ज्या दिवशी दुकानात उतरत त्या दिवशी ते विक्रीला लागत, त्यामुळे ग्राहकाला दुकानदाराकडे फेऱ्या मारण्यापलीकडे उपाय नसे. सेगा या जपानी कंपनीने 'सॉनिक द हेजहॉग २' हा गेम अमेरिका आणि युरोपातील दुकानांत २४ नोव्हेंबर १९९२ या एकाच दिवशी आणला आणि तो दिवस मंगळवार असल्याने त्या वाराच्या इंग्रजी नावावर कोटी करून त्याचे 'सॉनिक टूसडे' असे बारसेही करून टाकले. जपानमध्ये मात्र ठरलेल्या दिवशी रांगा लागण्याचा प्रकार याआधीच सुरू झाला होता. 'ड्रॅगन क्वेस्ट ३' हा गेम १० फेब्रुवारी १९८८ रोजी, म्हणजे ऐन बुधवारी, विक्रीला आला तेव्हा पहिल्या दिवसात त्याच्या १० लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि शाळा बुडवून दुकानांपुढे उभी असलेली जवळपास ३०० मुले पोलिसांच्या हाती लागली. या मालिकेचे पुढचे भाग बहुधा सुट्टीच्या दिवशी काढण्याचा प्रघात त्यानंतर पडला. त्यासाठी सरकारने कायदा केला असे जे सांगितले जाते ती निव्वळ दंतकथा होय, परंतु अशी दंतकथा लोकांना खरी वाटावी यावरून त्या बुधवारचा प्रभाव लक्षात येतो.

भारतातल्या खेळाडूच्या वाट्याला हे तारखांचे माहात्म्य फार उशिरा आले. आज चाळिशीत असलेल्या मराठी खेळाडूंपैकी अनेकांची सुरुवात १९९० च्या दशकात टीव्हीला जोडायच्या ज्या यंत्रावर झाली ते निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या 'फॅमिकॉम' या यंत्राची बहुधा परवानगीविना केलेली नक्कल असे, आणि त्यात खोचायच्या प्लॅस्टिकच्या चपट्या डबीला, जिचे मूळ नाव कार्ट्रिज, आपल्याकडे सरसकट 'कॅसेट' म्हटले जाई. कॅसेटच्या वेष्टनावर '९९९९ इन १' असा आकडा छापलेला असे. सुरू केल्यावर पडद्यावर गेमची लांबलचक यादी उमटे, आणि थोडे खाली गेल्यावर कळे की मूळ गेम मोजकेच असून तेच ते वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा आले आहेत. चित्र उमटले नाही की कॅसेट बाहेर काढून तिच्या उघड्या कडेवर जोरात फुंकर मारायची हा सार्वत्रिक तोडगा होता. वास्तविक फुंकरीतली वाफ आतल्या धातूच्या पट्ट्यांना अपायच करते आणि गुण आलाच तर तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याचा असतो, परंतु हे त्या वेळी सांगितले असते तरी कोणाला पटले नसते. या पिढीला 'मारिओ' भेटला तो जपानमध्ये येऊन दहा वर्षे होऊन गेल्यावर, आणि तरीही तो कोरा करकरीत वाटला. नवा गेम म्हणजे जगात नवा नव्हे तर गल्लीत नवा, असाच त्या काळचा अर्थ होता. कॅसेटींची अदलाबदल, तासावर पैसे मोजून खेळायचे पार्लर, पुढे सायबर कॅफे आणि चोरून उतरवलेल्या सीडी या वाटांनी जे येईल ते खेळायचे, त्यामुळे कशाची तरी वर्षानुवर्षे वाट पाहणे हा अनुभव इथे इंटरनेट घराघरांत पोहोचल्यावरच आला. 'स्टीम' या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा आरंभ २००३ मध्ये झाला खरा, पण तिथल्या किमती भारतीय ग्राहकाला रुपयांत दिसू लागल्या त्या २०१५ पासून.

गेमची तारीख इतक्या वेळा का चुकते हे समजण्यासाठी तो कसा तयार होतो ते थोडे पाहिले पाहिजे. चित्रपटाची पटकथा कागदावर वाचून त्याचा अंदाज बांधता येतो. गेममध्ये मात्र उडी मारल्यावर हाताला ती कशी वाटते, शत्रू चकवा देतो तेव्हा राग येतो की चेव चढतो, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि करून पाहिल्यावर ते पुष्कळदा फेकून द्यावे लागते. त्यामुळे पहिली काही वर्षे विकासकांच्या, म्हणजे डेव्हलपरांच्या, हाती केवळ तुकडे असतात. पण गुंतवणूकदाराला आणि ग्राहकाला काहीतरी दाखवावे तर लागतेच. अशा वेळी गेमचा दहा-पंधरा मिनिटांचा एकच भाग चित्र, आवाज, संवाद यांसह पूर्ण सजवून दाखवला जातो, ज्याला या धंद्यात 'व्हर्टिकल स्लाइस' म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ही कल्पना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही, कारण इमारतीचा पाया जेमतेम भरला असताना सोफा-पडद्यांसह सजवलेला सॅम्पल फ्लॅट त्याने पाहिलेला असतो आणि सॅम्पल फ्लॅटमधील खोल्या प्रत्यक्ष ताब्यातल्या खोल्यांपेक्षा मोठ्या का वाटतात हेही त्याला माहीत असते. जुना खेळाडू ट्रेलर पाहतो तो याच नजरेने. पडद्यावर दिसते ते खेळतानाचे दृश्य आहे की स्वतंत्रपणे रंगवलेला चित्रपट, कोपऱ्यात आयुष्याची पट्टी किंवा नकाशा दिसतो का, पात्राची हालचाल बटणाच्या तालावर आहे की कॅमेऱ्याच्या, हे तो आधी तपासतो. तारीख दिली आहे की केवळ वर्ष, हे त्यानंतर.

या नजरेला धार आली ती काही गाजलेल्या अपेक्षाभंगांनी. अमेरिकेतील थ्रीडी रेल्म्स या कंपनीने एप्रिल १९९७ मध्ये 'ड्यूक न्यूकम फॉरेव्हर' जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी गेमचे 'इंजिन', म्हणजे चित्र रेखाटणे, वस्तूंच्या हालचाली ठरवणे अशी पायाभूत कामे करणारी संगणकप्रणाली, बदलले. इंजिन बदलणे म्हणजे अर्ध्यावर आलेल्या घराचा पाया बदलणे. तंत्रज्ञान त्या काळात दर दोन वर्षांनी कात टाकत होते, दरवेळी प्रतिस्पर्ध्याचा गेम अधिक देखणा दिसत होता आणि दरवेळी नव्या देखणेपणाशी बरोबरी करण्यासाठी झालेले काम मोडले जात होते. गेम कधी येणार या प्रश्नाला 'होईल तेव्हा' एवढेच उत्तर मिळत असे. घोषित होऊनही कधीच न अवतरणाऱ्या मालाला संगणकक्षेत्रात 'व्हेपरवेअर', म्हणजे वाफेचा माल, असा शब्द आहे आणि हा गेम वर्षानुवर्षे त्याचे ठरलेले उदाहरण होऊन बसला. मे २००९ मध्ये कंपनीने ते काम करणारा चमू घरी पाठवला, दुसऱ्या कंपनीने ते अर्धवट काम उचलले आणि जून २०११ मध्ये, घोषणेनंतर चौदा वर्षांनी, गेम एकदाचा आला. तो सामान्य होता. चौदा वर्षे थांबलेल्यांना तो वाईट निघाला असता तरी चालले असते, असे त्या वेळच्या प्रतिक्रिया पाहता वाटते. शिळा निघाला हे मात्र सोसवले नाही.

याच्या अगदी उलट प्रकार इंग्लंडमधील गिल्डफर्डच्या हेलो गेम्स या छोट्या कंपनीच्या 'नो मॅन्स स्काय'चा. डिसेंबर २०१३ मध्ये त्याचे पहिले दृश्य दाखवले गेले तेव्हा कंपनीत बोटांवर मोजण्याइतकी माणसे होती आणि त्यांनी सांगितलेली कल्पना अशी होती की गेममधले ग्रह कोणी चित्रकार रंगवणार नाही, ते गणिती सूत्रांतून आपोआप घडतील आणि त्यांची संख्या २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ या आकड्यावर अठरा शून्ये लिहिल्यावर होते त्याहूनही थोडी जास्त, असेल. ही संख्या ऐकून खेळाडूंच्या कल्पनेला जे पंख फुटले त्यात कंपनीचे प्रमुख शॉन मरी यांच्या मुलाखतींनी भर घातली, कारण अमुक करता येईल का, तमुक करता येईल का या प्रश्नांना ते उत्साहाने होकार देत गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला आणि पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले, तर त्यांना एकमेकांचा मागमूसही दिसला नाही. अनेकांनी एकत्र खेळण्याची सोय त्यात नव्हतीच. जाहिरातीबद्दल तक्रारी ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेपर्यंत गेल्या. संस्थेने त्या फेटाळल्या, परंतु ग्राहकांचे समाधान झाले नाही. यानंतर कंपनीने जे केले ते या व्यवसायात विरळा मानावे लागेल: मुलाखती बंद केल्या, आणि वर्षामागून वर्षे गेममध्ये विनामूल्य भर घालत राहिली, त्यात जुलै २०१८ मध्ये एकत्र खेळण्याची सोयही आली. स्टीमवर ग्राहकांच्या अभिप्रायांची जी गोळाबेरीज दाखवली जाते ती पहिल्या आठवड्यांतल्या नाराजीतून वर चढत २०२४ च्या अखेरीस 'अत्यंत अनुकूल' या पायरीला पोहोचली.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीच्या 'सायबरपंक २०७७' ने तर धंद्यातील एका पवित्र शब्दाची किंमत घालवली. गेम पूर्ण होऊन त्याची मूळ तबकडी छपाईला गेली की तो 'गोल्ड' झाला असे म्हणतात, आणि एकदा गोल्ड झाला की तारीख पक्की असे जुने खेळाडू समजून चालत. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या या गेमच्या तारखा २०२० मध्ये एप्रिलवरून सप्टेंबरवर आणि तिथून नोव्हेंबरवर सरकल्यानंतर ऑक्टोबरच्या आरंभी तो गोल्ड झाल्याचे कंपनीने कळवले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो आणखी तीन आठवडे पुढे ढकलला. हे शक्य झाले ते 'डे वन पॅच'मुळे, म्हणजे तबकडीवर छापून गेलेल्या गेममधल्या चुका निस्तरण्यासाठी पहिल्याच दिवशी इंटरनेटवरून उतरवून घ्यायच्या दुरुस्तीमुळे. तबकडीवर असतो तो आता गेमचा मसुदा. १० डिसेंबर २०२० रोजी गेम आला तेव्हा ८० लाख प्रतींची पूर्वनोंदणी झालेली होती. जुन्या पिढीच्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या यंत्रांवर तो इतका अडखळत होता की आठवडाभरातच सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून तो काढून टाकला आणि त्याला परत जागा दिली ती जून २०२१ मध्ये. आज तोच गेम, दुरुस्त्या होऊन, उत्तम गेमांमध्ये गणला जातो, आणि या उत्तरार्धातून जुन्या खेळाडूने घ्यायचा तो धडा घेतला आहे.

तो धडा मराठी नाट्यरसिकांना परका नाही. शुभारंभाचा प्रयोग बघू नये, दहा-पंधरा प्रयोग होऊन नाटक 'बसले' की जावे, असे मानणारा प्रेक्षक आपल्याकडे पूर्वीपासून आहे. तसाच गेम येऊन वर्ष उलटल्यावर, दुरुस्त्या होऊन आणि किंमत उतरून मगच घेणारा खेळाडूवर्ग आता जगभर तयार झाला आहे. दुसऱ्या टोकाला तालीम पाहायला पैसे देऊन जाणारेही आहेत. अपुरा गेम विकत देऊन, खेळणाऱ्यांच्या सूचना ऐकत तो पूर्ण करण्याच्या पद्धतीला 'अर्ली ॲक्सेस' म्हणतात. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने 'बाल्डर्स गेट ३' चा पहिला अंक ऑक्टोबर २०२० मध्ये असा विक्रीला ठेवला आणि संपूर्ण गेम ऑगस्ट २०२३ मध्ये आणला, तोपर्यंत पहिल्या अंकातला दगड न दगड खेळाडूंनी हाताळून झाला होता. याचे पूर्वज १९९० च्या दशकातील 'शेअरवेअर' हे होत. 'डूम' या गेमचा पहिला खंड डिसेंबर १९९३ मध्ये फुकट वाटण्यात आला आणि पुढचे दोन हवे असतील तर पैसे पाठवा असे सांगण्यात आले. फळवाला द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकायला देतो त्यापेक्षा हे वेगळे नाही, आणि या लेखात आलेल्या सगळ्या विक्रीपद्धतींत हीच सर्वांत प्रामाणिक म्हणता येईल.

न झालेल्या वस्तूसाठी आगाऊ पैसे भरणे यात मुळात विचित्र काही नाही. प्रकाशनपूर्व सवलतीत मराठी ग्रंथांचे संच घेणाऱ्यांनी तेच केलेले आहे. फरक असा की ग्रंथाच्या प्रती मर्यादित असत आणि सवलत खरी असे, तर इंटरनेटवरून उतरवून घ्यायच्या गेमच्या प्रती कधीच संपत नाहीत, तेव्हा पूर्वनोंदणीचा लाभ ग्राहकापेक्षा विक्रेत्याला अधिक. म्हणूनच मुरलेले खेळाडू पूर्वनोंदणीऐवजी 'विशलिस्ट'वर, म्हणजे पैसे न भरता केवळ इच्छा नोंदवून ठेवायच्या यादीवर, भर देतात. अमुक गेम किती जणांच्या विशलिस्टमध्ये आहे यावरून स्टीमवरची त्याची दर्शनी जागा ठरण्यास मदत होते, त्यामुळे छोट्या डेव्हलपरच्या दृष्टीने हा आकडा बँकेतल्या शिलकीसारखा असतो. भारतात हाच आकडा मोबाइलवरील गेमच्या पूर्वनोंदणीच्या रूपाने दिसतो. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइल या गेमवर बंदी आल्यानंतर त्याच्या जागी येणाऱ्या 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'ची नोंदणी मे २०२१ मध्ये उघडली, तेव्हा दोन आठवड्यांत २ कोटी लोकांनी नावे नोंदवल्याचे कंपनीने सांगितले. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीच्या 'इंडस'लाही ऑक्टोबर २०२४ मध्ये येण्याआधी १ कोटीहून अधिक नोंदण्या मिळाल्या. पण मोबाइलवरची नोंदणी फुकटची असते आणि एका बोटाच्या स्पर्शाने होते, त्यामुळे तिच्यावरून उत्सुकतेची खोली मोजता येत नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सची कहाणी या दृष्टीने अधिक बोलकी आहे. त्यांच्या 'राजी' या गेमसाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीचे आवाहन झाले, जमलेली रक्कम अपुरी पडली आणि लक्ष्य न गाठल्यास काहीच न मिळण्याच्या नियमानुसार हाती काहीच आले नाही. तरीही चमूने काम सोडले नाही, आणि राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधत निघालेल्या मुलीचा तो गेम ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर आला. ज्यांनी तीन वर्षे त्याची आठवण ठेवली ते थोडेच होते, पण ते थांबले होते.

आजवरच्या सगळ्या प्रतीक्षांमध्ये अभ्यासण्याजोगी प्रतीक्षा मात्र 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'ची. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरात एरी गिब्सन आणि विल्यम पेलन या दोघांनी उभारलेल्या टीम चेरी या कंपनीने २०१४ मध्ये 'हॉलो नाइट'साठी लोकांकडे ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले होते आणि ५७ हजारांवर मिळाले होते. जमिनीखालच्या एका उजाड कीटकराज्यात फिरणाऱ्या मुक्या वीराचा हा हाताने रेखाटलेला गेम फेब्रुवारी २०१७ मध्ये आला, आणि पुढे त्याच्या दीड कोटी प्रती खपल्या. वर्गणी देणाऱ्यांना दिलेल्या वचनांपैकी एक असे होते की हॉर्नेट नावाच्या, सुईने लढणाऱ्या पात्राला घेऊनही खेळता येईल. ते वचन पुरे करता करता त्या जोडभागाचा पसारा एवढा वाढला की फेब्रुवारी २०१९ मध्ये तो स्वतंत्र गेम म्हणून जाहीर करण्यात आला. त्याच वर्षी जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या प्रदर्शनात त्याचा काही भाग लोकांना खेळायलाही मिळाला. डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटनच्या 'एज' या मासिकाने त्यावर मुखपृष्ठकथा केली, जून २०२२ मध्ये एक्सबॉक्सच्या कार्यक्रमात दाखवलेले सर्व गेम बारा महिन्यांत येतील असे सांगितले गेले आणि त्यात हाही होता, मे २०२३ मध्ये तो आणखी लांबल्याचे कळवण्यात आले. बाकी सगळी शांतता.

या शांततेत जे उगवले ते कोणत्याही जाहिरात कंपनीला पैसे ओतून करवता आले नसते. गेमविषयीची बातमी रोज देणारी एक यूट्यूब वाहिनी निघाली आणि बातमी नसल्याची बातमीच ती रोज देत राहिली. कोणत्याही मोठ्या कार्यक्रमाआधी आशा बाळगणाऱ्यांनी स्वतःला विदूषकाचा रंग फासलेली चित्रे टाकायची आणि कार्यक्रम कोरडा गेला की ती पुन्हा टाकायची, असा परिपाठच पडला. वारीला निघालेल्यांना पंढरपूर कधी येणार याची घाई नसते, तसे या मंडळींचे झाले होते. अखेर २१ ऑगस्ट २०२५ रोजी, गेम येणार तो ४ सप्टेंबरला, म्हणजे दोन आठवड्यांनी, असे टीम चेरीने जाहीर केले. ते ऐकून 'डेमनस्कूल', 'बेबी स्टेप्स' अशा अनेक गेमच्या कर्त्यांनी आपापल्या तारखा घाईघाईने बदलल्या, कारण मोठ्या झाडाच्या सावलीत रोप लावण्याची कोणाचीच इच्छा नव्हती. उशिराचे कारण विचारले असता गिब्सन आणि पेलन यांनी दिलेले उत्तर अनेकांना पटले नाही, तरी ते गांभीर्याने घेण्यासारखे आहे: काम कुठे अडले नव्हते, माणसे थोडी होती, आणि करण्यात मजा येत असल्यामुळे ते वाढत गेले. पहिल्या गेमच्या विक्रीने घाई करण्याची गरजच ठेवली नव्हती. ड्यूकच्या चौदा वर्षांत प्रत्येक वर्षाचे काम आधीच्या वर्षाचे काम मोडत होते, तर इथे प्रत्येक वर्ष आधीच्या वर्षात भर घालत होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला हा फरक कळायला काही मार्ग नव्हता.

प्रकाशनाच्या दिवशी पूर्वनोंदणी नव्हती, समीक्षकांना आगाऊ प्रतीही दिलेल्या नव्हत्या. त्यामुळे जगातल्या सगळ्या खेळाडूंनी एकाच क्षणी दुकानाचे दार ठोठावले. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते, आणि महाराष्ट्रात गणेशोत्सवाचा नववा दिवस असल्याने अनेक घरांत ती आरतीची वेळ होती. स्टीमसकट निन्टेन्डो, सोनी, मायक्रोसॉफ्ट अशा सगळ्यांच्या ऑनलाइन दुकानांचे व्यवहार कोलमडले. 'खरेदी करा' हे बटण दाबले की चक्र फिरत राही आणि शेवटी चूक झाल्याचा निरोप येई. ते सावरल्यावर ५ लाखांहून अधिक लोक स्टीमवर एकाच वेळी हा गेम खेळत होते. पहिल्या आठवड्यात दोन तक्रारी ऐकू आल्या: एक, गेम अवाजवी कठीण आहे, कारण बऱ्याच शत्रूंचा एकच घाव दोन घावांइतका लागतो, दुसरी, चिनी अनुवाद जुन्या वळणाचा आणि अवजड आहे. कंपनीने सुरुवातीच्या काही लढती थोड्या सौम्य केल्या आणि अनुवाद सुधारण्याचे आश्वासन दिले. याच सुमारास जगातली याहून कितीतरी मोठी प्रतीक्षाही चालू होती: २०१३ नंतर नवा भाग न आलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेचा सहावा भाग आधी २०२५, मग २६ मे २०२६ असे म्हणत होता, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती तारीखही बदलून १९ नोव्हेंबर २०२६ अशी करण्यात आली.

सिल्कसाँगबाबत एक तपशील मात्र नोंदवण्यासारखा आहे. पहिल्या गेममधला वीर उडी मारून हवेतून थेट खाली वार करतो आणि ज्यावर वार बसला त्यावरून चेंडूसारखा पुन्हा वर उसळतो. काटेरी खंदकांवरून असे टप्पे घेत जाणे हा त्या गेममधला परमोच्च आनंद होता आणि शेकडो तास खेळून तो लोकांच्या बोटांत भिनला होता. हॉर्नेट मात्र सरळ खाली न येता सुईसकट तिरकी झेपावते. हे गुपित नव्हते. २०१९ च्या प्रदर्शनातल्या चित्रफितींतच ते स्पष्ट दिसत होते, आणि साडेसहा वर्षे चित्रचौकट थांबवून थांबवून पाहणाऱ्यांनी त्या झेपेचा कोनसुद्धा मोजून ठेवला होता. प्रत्यक्ष खेळायला बसल्यावर तीच मंडळी पहिल्या तासाभरात सवयीने शत्रूच्या बरोबर माथ्यावर जाऊन बटण दाबत राहिली आणि हॉर्नेट त्याच्या बाजूने घसरून काट्यांत पडत राहिली. गेममध्ये थोडे पुढे, सहज न दिसणाऱ्या एका देवळीत, एक चिन्ह मिळते. ते धारण केले की तिला जुन्या वीरासारखा सरळ खाली वार करता येतो. 'हॉलो नाइट' कोळून प्यालेले अनेक खेळाडू इतर सगळे बाजूला ठेवून आधी ते शोधायला निघाले.